दर तीन महिन्यांनी डावाच कान गप्प: स्वस्त इन-इअर नेमका बिघडतो कुठे

दोन वर्षांत माझे पाच इन-इअर, म्हणजे कानाच्या नळीत रबरी टिपेनं बसणारे वायरवाले इअरफोन, गेले. किंमत चारशे रुपयांपासून बाराशेपर्यंत, कंपन्या वेगवेगळ्या. एकाची वायर चपटी, एकाची कापडी विणीची, एकाची आरपार दिसणारी. दुखणं मात्र सगळ्यांचं एकच. अडीच-तीन महिने झाले की डाव्या कानातला आवाज आधी दबायचा, मग वायर हलवली की यायचा-जायचा, आणि एखाद्या सकाळी सुभाष नगर स्टेशनवर मेट्रोची वाट बघताना कळायचं की आज तो गेलाच. उजवा ठणठणीत.

पाचवा घेऊन नागपूरच्या बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात गेलो, तेव्हा मोदी नंबर दोनच्या गल्लीजवळ बसणाऱ्या दुरुस्तीवाल्यानं मान वर न करताच विचारलं, "काहून दादा, पुन्हा डावाच का?" मग हातातलं काम ठेवून दुसरा प्रश्न केला, "कोणी आवाज दिला की कोणत्या कानातला काढता तुम्ही?"

मी करून दाखवलं. हात आपसूक डाव्या वायरीवर गेला आणि खाली ओढला. ऑफिसात माझं टेबल उजवीकडून भिंतीला लागून आहे, त्यामुळे माणसं येतात ती डावीकडूनच. दिवसातून वीस-पंचवीस वेळा तरी ती वायर ओढली जात असणार, आणि मी दोन वर्षं कंपन्या बदलत बसलो होतो.

घरी येऊन ड्रॉवरमधले जुने चारही काढले आणि पाचव्यासकट सगळे एकेक करून तपासले. गंमत अशी की पाचांतले दोन मेलेच नव्हते. एकाची जाळी बुजलेली होती. दुसऱ्यात तर काहीच बिघाड नव्हता, माझ्या फोनच्या जॅकमध्ये खिशातला भुसा अडकला होता. उरलेल्या तिघांची वायर गेलेली, दोघांची डाव्या बडाच्या (कानात जाणाऱ्या बोंडाच्या) मानेशी आणि एकाची पिनेपाशी. ड्रायव्हर, म्हणजे बडातला छोटा स्पीकर, ज्याच्या मिलिमीटरची जाहिरात खोक्यावर मोठ्या अक्षरांत असते तो भाग, एकाचाही खराब नव्हता.

म्हणून नवीन मागवायच्या आधी पुढचं करून बघा. तासाभराचं काम आहे.

आधी अदलाबदल

२०२४ च्या मे महिन्यात नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्रानं ५६ अंश तापमान दाखवलं होतं. देशभर बातम्या झाल्या. नंतर हवामान खात्यानं सांगितलं की सेन्सरच बिघडला होता. आपलं इथलं ऊन काही कमी नाही, पण ५६ नाही बाप्पा. इअरफोनचंही असंच असतं. आवाज कमी आला म्हणजे इअरफोनच बिघडला असं नाही. फोन, फोनची सेटिंग आणि आपला कान हेसुद्धा संशयित असतात.

डावा बड उजव्या कानात घाला आणि उजवा डाव्यात. विचित्र बसेल, पण दहा सेकंद पुरे. कमी आवाज आता उजव्या कानात ऐकू आला तर दोष बडात, वायरीत किंवा फोनमध्ये आहे. डावा कान तरीही कमीच ऐकत असेल तर दोष कानात आहे. हसू नका. आमच्या ऑफिसातल्या एका ताईंनी महिन्याभरात दोन इअरफोन बदलले आणि शेवटी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी कानातला मळ काढल्यावर दोन्ही चांगले निघाले. इन-इअर मळ आत ढकलतो, ही त्याची जातच आहे. घरी तेल, पिन, किल्ली असले प्रयोग मात्र नकोत.

मग तोच इअरफोन दुसऱ्या फोनला लावा. तिथे नीट वाजला तर तुमच्या फोनची सेटिंग उघडा. अँड्रॉइडमध्ये ॲक्सेसिबिलिटीखाली ऑडिओ बॅलन्सची पट्टी असते. ती चुकून एका बाजूला सरकली की एक कान बुजल्यासारखा होतो, आणि ती सरकली आहे हे कोणीच सांगत नाही. पट्टी मध्यावर असेल तर टॉर्च घेऊन जॅकमध्ये डोकवा. खिशातला भुसा पिनेच्या दाबानं तळाशी घट्ट बसत जातो आणि पिन मिलिमीटरभर बाहेर राहते. फोन बंद करून लाकडी टूथपिकनं हळूच उकरा, सुई नको.

इथेच मला माझ्या डाव्या कानाचं दुसरं कोडं सुटलं. पिनेचं टोक डाव्या कानाचं असतं, त्याच्या मागचं पहिलं कडं उजव्याचं. पिन पूर्ण आत गेली नाही की टोकाचा संपर्क सुटू शकतो आणि गप्प होतो तो डावाच. म्हणजे माझा हात डावखुरा आणि भुसाही डावखुरा.

वायर हलवून फरक पडत नाही, आवाज नुसता दबलाय

हा प्रकार पुष्कळ दिसतो आणि पुष्कळ इअरफोन यातच विनाकारण फेकले जातात. दोष जाळीत असतो. बडाच्या नळीच्या तोंडाशी बारीक जाळी असते. तिच्यावर मळ साचला की आधी ट्रेबल, म्हणजे वरचे बारीक सूर, जातो, माणूस तोंडावर दुपट्टा बांधून बोलतोय असं वाटतं, मग एकूणच आवाज खाली येतो. घामाचं थोडं वेगळं. पाण्याचा पातळ पापुद्रा जाळीच्या भोकांवर ताणून बसतो आणि आवाज अचानक अर्ध्यावर येतो. तासाभरानं सुकला की परत. फुटाळा तलावाला फेरी मारून आल्यावर एक कान गेला आणि आंघोळ होईपर्यंत परत आला, असं होत असेल तर तो हाच.

नागपुरात याला एक घरगुती भर असते, ती कुलरची. बाहेर हवा कोरडी ठणठणीत, पण खोलीत कुलर दिवसरात्र पाणी उडवत असतो आणि इअरफोन ठेवलेला असतो खिडकीच्या कठड्यावर, त्याच झोताखाली. घामानं ओला झालेला बड तिथे सुकत नाही. मी आता बिस्किटाच्या छोट्या डब्यात ठेवतो, आत नव्या बुटांसोबत आलेल्या सिलिका जेलच्या दोन पुड्या. फुकटची वस्तू आहे, पण पावसाळ्यात तिचा फरक कळतो.

साफ करायची पद्धत साधी आहे. रबरी टिप काढा, तिला साबणाच्या पाण्यात धुवा, पूर्ण सुकवा. बड धरताना जाळी जमिनीकडे हवी, म्हणजे निघालेला मळ खाली पडेल, आत जाणार नाही. मऊ, कोरड्या टूथब्रशनं हलक्या हातानं झटका. मळ चिकट असेल तर कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोलचा नुसता ओलावा लावून टेकवा. नेलपॉलिश काढायचं द्रव्य वापरू नका, त्यातलं ॲसिटोन प्लास्टिक विरघळवतं. टाचणी खुपसली तर जाळी फाटते आणि मागचा ड्रायव्हरचा पडदाही. तोंडानं जोरात फुंकणं किंवा ओढणंही नको; पडदा कागदापेक्षा पातळ असतो आणि हवेचा तेवढा दाब त्याला झेपत नाही. हेअर ड्रायर नको, आणि मे महिन्यात गच्चीवर उन्हात सुकवणं तर अजिबात नको. जाळी आणि नळी गोंदावर टिकलेली असते. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, मी एक बड गाडीच्या डिक्कीत विसरलो होतो. संध्याकाळी जाळी टिपेत चिकटून हातात आली.

मल्टीमीटर, म्हणजे विजेचा रोध मोजायचं यंत्र, असेल तर याची खात्री दोन मिनिटांत होते. २०० ओहमच्या रेंजवर एक टोक पिनेच्या टोकाला आणि दुसरं परतीच्या, म्हणजे दोन्ही कानांचा करंट परत नेणाऱ्या सामाईक कड्याला लावा. माइकवाल्या चार भागांच्या पिनेत ते बहुतेक वेळा टोकापासून तिसरं असतं. १६ ओहमचा इअरफोन सोळाच्या आसपास आकडा दाखवेल, वायरीचा एखाद-दुसरा ओहम धरून. मग उजव्याचा आकडा बघा. दोन्ही जवळपास सारखे असतील तर वायर आणि ड्रायव्हरमधली कॉइल शाबूत आहेत, जाळीकडे वळा. एका बाजूला आकडाच येत नसेल तर ती वायर तुटली.

वायर हलवली की येतो-जातो

वायर कुठे तुटली हे शोधायला गाणं लावू नका. आकाशवाणीच्या बातम्या किंवा कुठलंही एकसुरी बोलणं लावा, खरखर लगेच पकडता येते. पिनेपासून सुरुवात करा आणि बोटाएवढा-बोटाएवढा भाग चिमटीत धरून हलकेच वाकवत वर या. जिथे आवाज तुटेल तिथे मार्करनं खूण करा. जागा ठरलेल्या आहेत: पिनेमागचे पहिले दोन सेंटिमीटर, वायर दुभंगते तो सांधा, माइकच्या बटणाची डबी आणि बडाची मान. मधली वायर सहसा मधल्यामध्ये तुटत नाही. तुटलीच तर गाडीच्या सीटखाली किंवा ऑफिसच्या खुर्चीच्या चाकाखाली सापडलेली असते.

आपल्याकडे बडाची मान जास्त जाते याला माझ्या मते स्कार्फही कारणीभूत आहे. उन्हाळ्यात डोकं, कान, तोंड गच्च बांधून निघायचं आणि आत इअरफोन तसाच. वायर कानाशी काटकोनात दबून राहते, वर हेल्मेट चढलं की आणखी. गाडी चालवताना कानात काही असूच नये, हे वेगळं सांगायला नको. रिंग रोडला मागून येणाऱ्या ट्रकचा हॉर्न ऐकू येणं हे कोणत्याही बेसपेक्षा महत्त्वाचं.

आता यातलं एक लक्षण वेगळं सांगतो, कारण ते लोकांना भुताटकी वाटतं. गाणं लावलं तर तबला दूरवर वाजतोय, व्हायोलिन आहेत, प्रतिध्वनी आहे, पण गायक गायब. बातम्या लावल्या तर जवळजवळ शांतता. दोन्ही कानांना जाणाऱ्या वायरी वेगळ्या असतात, पण पिनेकडची परतीची वायर सामाईक. ती तुटली की करंटला परतीची वाट उरत नाही, तो एका बडातून निघून दुसऱ्या बडातूनच परततो. मग कानात येतो तो डाव्या आणि उजव्या बाजूंमधला नुसता फरक. गायकाचा आवाज बहुतेक गाण्यांत दोन्ही बाजूंना सारखाच मिसळलेला असतो, म्हणून फरकात तो शून्य होतो. बाजूला बसवलेली वाद्यं तेवढी उरतात.

हेच लक्षण वायर न तुटताही येतं. चार भागांच्या पिनेची दोन मानकं आहेत, सीटीआयए आणि ओएमटीपी. दोन्हींत माइक आणि परतीची वायर यांच्या जागा उलट्या असतात. कुठला तरी जुना इअरफोन नव्या फोनला लावला की गायक पळतो. ओळखायची युक्ती अशी: माइकचं बटण दाबून धरा. दाबलेलं असेपर्यंत गायक परत आला तर इअरफोन चांगला आहे, मानक जुळत नाही एवढंच. छोटा अडॅप्टर मिळतो. बटण दाबूनही काहीच बदललं नाही तर आधी पिन पूर्ण आत गेली आहे का बघा आणि मग वायर तपासा.

दुरुस्ती घरी करावी का? पिनेपाशी तुटली असेल तर करून बघायला हरकत नाही, नवी पिन फार महाग नसते. वायर कापली की आत केसासारख्या बारीक तारा दिसतात, रंगीत. बहुतेक वेळा लाल उजवी, हिरवी किंवा निळी डावी आणि तांब्याच्या रंगाची परतीची. नवखे लोक इथेच फसतात. तो रंग म्हणजे तारेवरचा वार्निशसारखा लेप असतो, तो विजेला अडवतो. तसंच सोल्डर केलं तर जोड दिसायला सुंदर आणि आवाज शून्य. गरम सोल्डरिंग आयर्नच्या टोकावर ताज्या सोल्डरच्या थेंबात तार काही सेकंद बुडवली की लेप जळतो आणि तार चंदेरी होते. मगच जोडा. तारांमध्ये नायलॉनचा धागा असतो, तो आधी कापून टाका, नाहीतर वितळून सगळं बरबटतो.

बडाच्या मानेशी तुटली असेल तर मी घरी हात लावत नाही. बड उघडताना तडा जातो, परत चिकटवताना गोंद पडद्यावर उतरतो. चारशेच्या इअरफोनला ते करण्यात अर्थ नाही. बाराशेच्याला बर्डीवर शंभर-दीडशे दिले आहेत आणि ते वसूल झाले आहेत.

दुरुस्तीनंतर एक गोष्ट तपासाच. एका बडाच्या दोन तारा उलट जोडल्या गेल्या तर दोन्ही कानांत आवाज येतो, कोणाला शंका येत नाही, पण बेस पातळ होतो आणि बोलणारा माणूस डोक्याच्या मध्यभागी न बसता दोन्हीकडे पसरतो. बातम्या लावा, डोळे मिटा. निवेदक दोन कानांच्या बरोबर मध्ये बसलेला हवा. तो सापडत नसेल तर एका बडाच्या तारा उलटवायला सांगा. सुट्या वायरीच्या, म्हणजे वायर बडापासून काढता येणाऱ्या इन-इअरमध्येही हे होतं, दोन काड्यांची पिन एका बाजूला उलटी खोचली गेली की.

काहीच तुटलं नाही, पण आवाज आवडत नाही

"डब्बा आहे, बेसच नाही." नवीन इन-इअरबद्दलची ही सर्वांत मोठी तक्रार, आणि दहातल्या आठ वेळा ती टिपेची असते असं माझं मत झालंय. इन-इअरचा बेस कानाची नळी हवाबंद झाली तरच टिकतो. टिप आणि कान यांच्यात बारीकशी फट राहिली की खालचे सूर तिथून निघून जातात. वरचे तसेच राहतात, म्हणून उरलेला आवाज पातळ आणि कर्कश वाटतो. त्याच इअरफोनला एक जण "नुसता ट्रेबल" म्हणतो आणि दुसरा "मस्त दणका". दोघंही खरं बोलत असतात, त्यांचे कान वेगळे असतात.

खोक्यात लहान-मध्यम-मोठ्या टिपा येतात आणि बहुतेक लोक बसवून आलेली मधली कधीच बदलत नाहीत. तिन्ही बघा. दोन्ही कानांना एकच माप लागेल असंही नाही. मला डाव्यात मोठी लागते, उजव्यात मधली. घालताना दुसऱ्या हातानं कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढा, नळी सरळ होते. नीट बसलं की आपलाच आवाज घुमल्यासारखा ऐकू येतो आणि पंख्याची घरघर मागे जाते. त्यानंतर बडाला बोटानं हलकेच आत दाबा. दाबल्यावर बेस एकदम वाढला तर अजून गळती आहे.

हे मेट्रोत जास्त महत्त्वाचं. टिप नीट बसली नसेल तर बाहेरचा आवाज आत येतो, आपण तो बुडवायला व्हॉल्यूम चढवतो, आणि झाशी राणी चौक येईपर्यंत कानांवर नुसता मारा चालतो. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा मोठ्यांसाठी ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास अशी आहे. आवाज वाढला की तास झपाट्यानं कमी होतात.

बड आत घालताना कुर्रर्र असा आवाज येतो, त्यालाही लोक घाबरतात. कोंडलेल्या हवेच्या दाबानं ड्रायव्हरचा पडदा वाकतो, तो तो आवाज. हवा जायला बडाला बारीक भोक असतं. ते बोटाखाली येत असेल किंवा मळानं बुजलं असेल तर हे जास्त होतं. सावकाश घातलं की थांबतं. इअरफोन फाटला नाही.

नवीन घेताना मी आता काय बघतो

मोठ्या अक्षरांतलं काहीही नाही. १० मिमी की १४ मिमी यावरून आवाजाचा अंदाज येत नाही. फोनसाठी १६ किंवा ३२ ओहम दोन्ही चालतात. "एक्स्ट्रा बेस" लिहिलं असेल तर मी उलट सावध होतो, कारण फुगवलेला बेस मधल्या आवाजांवर चढतो आणि शब्द बुडतात. किंमत तरी काही सांगते का? येरून ब्रेबार्ट या संशोधकानं २०१७ मध्ये २८३ हेडफोनची मोजमापं त्यांच्या किमतींशी ताडून पाहिली. फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स (कोणता सूर किती जोरात वाजतो ते) आणि किंमत यांच्यात त्याला संबंध सापडला नाही. जास्त पैशांत आवाज मिळेलच असं नाही. माझ्या पाच इअरफोनांच्या अनुभवात निदान वायर तरी किमतीनुसार बरी होत गेली, तेवढंच.

म्हणून दुकानात आधी हात, मग कान. पिनेमागचं रबर वाकवून बघा. ते वायरीसोबत कमानीसारखं वळलं पाहिजे. ते काठीसारखं ताठ राहिलं आणि वायर त्याच्या टोकाशी मोडली, तर तीन महिन्यांनी तिथेच तुटणार. फोन खिशात ठेवणाऱ्यांना काटकोनी पिन बरी, मात्र फोनच्या कव्हरमध्ये ती शिरते का ते तिथेच बघून घ्या. बडाच्या मानेशी रबर आहे का, की वायर प्लास्टिकच्या भोकातून सरळ बाहेर आली आहे? बडाच्या दोन अर्धुकांच्या सांध्यावर नख फिरवा, अडकलं तर जोड कच्चा. डावा-उजवा ओळखायची खूण अंधारात बोटाला लागते का? ही बारीकसारीक वाटणारी गोष्ट मेट्रोत रोज दोनदा आठवते. कापडी विणीला भुलू नका. ती वरची सजावट आहे, आत तारा तेवढ्याच बारीक असू शकतात आणि ताण पडतो तो मानेवरच. आरपार दिसणारी वायर घामानं वर्षभरात हिरवी पडते, आतलं तांबं गंजतं. आवाजात लगेच फरक पडत नाही, पण बघवत नाही.

हजार-दीड हजाराच्या पुढे गेलात तर सुट्या होणाऱ्या वायरीचा घ्या, असं मी आता ठामपणे सांगतो. त्यात बहुतेक ०.७५ किंवा ०.७८ मिमीच्या दोन काड्यांची पिन असते. केझेड किंवा सेव्हन हर्ट्‌झ यांच्यासारख्या चिनी कंपन्यांमुळे हा प्रकार या किमतीत सर्रास मिळू लागला. वायर मागवताना माप आणि पिनेभोवतीच्या प्लास्टिकचा आकार, दोन्ही जुळवून घ्या. एमएमसीएक्स नावाची गोल, फिरणारी जोडणीही दिसते. ती सारखी फिरवली की सैल पडून खरखरते, म्हणून माझं मत दोन काड्यांच्या बाजूनं.

आवाज ऐकायला ओळखीचं गाणं न्या, नवं नको. ज्या गाण्यात तबल्याचा बायां (डग्गा) आणि चाटी (तबल्याच्या काठावरचा बोल) दोन्ही स्पष्ट आहेत असं. बायांचा घुमारा सुरू होऊन थांबला पाहिजे; पुढच्या मात्रेवर सांडत असेल तर बेस ढिला आहे. तंबोरा लावा: चार तारा वेगळ्या कळतात की नुसता गुंजारव आहे? ढोल-ताशाचं रेकॉर्डिंग चांगली परीक्षा घेतं. ढोलाच्या गर्दीत ताशाची काडी टोचली पाहिजे, पण दुखली नाही पाहिजे. आणि माझी खास मराठी चाचणी म्हणजे च. "चमचा"मधला दंत्य च आणि "चहा"मधला तालव्य च, दोन्ही येतील असं कुणाचं तरी बोलणं ऐका. चमच्याचा च, सासूचा स कानात सुईसारखा जात असेल तर ५ ते ८ हजार हर्ट्‌झच्या पट्ट्यात उंचवटा आहे आणि अर्ध्या तासानं डोकं दुखणार. चहा आणि चमचा एकसारखेच ऐकू येत असतील तर ट्रेबल कमी.

घरी आल्यावर २० पासून २०० हर्ट्‌झपर्यंत चढत जाणारा सूर लावा. यूट्यूबवर ढिगानं आहेत. व्हॉल्यूम निम्म्याखाली ठेवा. सूर चढताना कुठे फडफड किंवा खरखर आली, किंवा सूर डोक्याच्या मध्यातून एका बाजूला सरकला, तर तो नग परत करा. "पन्नास तास वाजवा, मग आवाज खुलतो" असं विकणारा सांगेल. तेवढ्यात परत करायचे सात दिवस संपतात.

वायर नसलेल्यांबद्दल थोडक्यात. तिथेही एक कान गेला तर आधी जाळी, मग डबीतले चार्जिंगचे सोनेरी ठिपके. घामातलं मीठ त्यांच्यावर बसतं, बड चार्जच होत नाही आणि आपण म्हणतो डावा मेला. कोरड्या फडक्यानं पुसा, मग पुस्तिकेत दिल्याप्रमाणे रिसेट करून पुन्हा जोडा. आयपीएक्स४ (पाण्यापासून बचावाचा दर्जा) लिहिलेलं असलं तरी ती चाचणी साध्या पाण्याच्या शिंतोड्यांची असते, खारट घामाची नाही. बॅटरी असल्यामुळे डिक्कीत न ठेवायचा नियम यांना दुप्पट लागू.

माझा सहावा इन-इअर सुट्या वायरीचा आहे आणि त्याला चौदा महिने झाले. टेबल हलवता आलं नाही, म्हणून बड धरून काढायची सवय लावली, वायर धरून नाही. पहिले पंधरा दिवस हात वायरीकडेच जात होता. गेल्या आठवड्यात आवाज दबला. पोटात गोळा आला, पण अदलाबदल केली, वायर हलवली, आकडे बघितले, दोन्हीकडे सोळा. जाळी होती. आणि या वेळी कान उजवा होता.